सास्तूरकडचा हिरवा तलाव आणि पट्टीवरची रेघ

आक्काचा फोन आला तेव्हा मी एका गुरुजींच्या चष्म्याची काच फ्रेमच्या मापाला घासत होतो. हे काम मध्येच सोडता येत नाही, म्हणून फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून ऐकलं.

"बाळू, तळ्याचं पानी हिरवंगार झालंय बघ. रंगाचा डबा उलटा केल्यावानी. शेजारच्यांचं कुत्रं त्यात डुंबून आलं, अंग चाटत बसलं आन दुसऱ्या दिशी मेलं. आता आपल्या दोन मेंढ्या गेल्या."

"दाजी काय म्हणतात?"

"त्यांचं काय! म्हनत्यात रोग आला आसंल. आता कातरायला मान्सं यायचीत, त्याच्या आदी सगळी मेंढरं तळ्यात धुवायची हायत."

काच हातातून खाली ठेवली. "आक्के, मी येईपर्यंत एकही मेंढरू त्या पाण्यात जाऊ द्यायचं नाही. दाजींना सांग, मेव्हण्यानं शपथ घातलीय."

अशी ही सहल ठरली. हवापालट म्हणून नाही, देवदर्शन म्हणून नाही. तुमच्या गावचं तळं हिरवं झालं असेल आणि काय करावं सुचत नसेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. नुसतं भटकायला लोहारा तालुक्यात जाणार असाल, तरी रस्ता, खाणं आणि मुक्काम यांची माहिती यात आहेच.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कळंबला माझं चष्म्याचं दुकान आहे. शाळा दहावीला संपली. भिंगं कशी घासायची, नंबर कसा काढायचा, हे मी एका म्हाताऱ्या कारागिराच्या शेजारी उभं राहून शिकलो आणि बाकीचं पुस्तकांतून. बंद पडलेल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सूक्ष्मदर्शक भंगारात निघाला होता, तो आणला, बुरशी आलेली भिंगं स्वच्छ करून नीट बसवली आणि पहिल्यांदा डबक्यातलं पाणी बघितलं. तेव्हापासून हा नाद. निळ्या-हिरव्या शेवाळावरचे इंग्रजी लेख शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. कुणी शिकवलेलं नाही. हे मी अभिमानानं सांगतो.

या शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात. त्यातलं एक विष यकृतावर घाव घालतं. आमच्या दोन मेंढ्या तपासून गुरांच्या डॉक्टरांनीही यकृताचंच नाव घेतलं होतं, पण नुसत्या तेवढ्यावरून पाण्याला दोष देता येत नाही. तपासावं लागतं.

सामान असं घेतलं: सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीत; तोंड रुंद असलेल्या काचेच्या बाटल्या, चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या, कारण नमुन्याला ऊन लागता कामा नये; रबरी हातमोजे; थर्मोकोलचा डबा; आणि विष ओळखणाऱ्या थोड्या पट्ट्या. या पट्ट्या एका विद्यापीठातल्या संशोधक बाईंनी मला पाठवल्या होत्या. मी त्यांना आमच्याकडच्या तळ्यांचे फोटो पाठवतो, त्या मला चुका दाखवतात, अशी आमची ओळख. पट्टी महाग असते आणि एकदाच वापरता येते. उगाच गंमत म्हणून उघडायची नाही.

कळंबहून सकाळची एसटी पकडून लातूर, तिथं गाडी बदलून औशावरून लोहारा. पेटी मांडीवरच ठेवली. कंडक्टरनं तिच्यावर टकटक केलं.

"काय हाय ह्याच्यात?"

"सूक्ष्मदर्शक. बारीक वस्तू मोठी दिसते."

"मग आमचा पगार दाखवा की यातनं एकदा!"

मागच्या सीटवरच्या बाया खो खो हसल्या. मी सांगितलं की चारशे पटीच्या वर हे यंत्र जात नाही. त्यावर तो म्हणाला, "बास की, तेवढ्यात भागतंय."

औशाच्या पुढं रस्त्याच्या एका बाजूला सोयाबीन वाळत घातलेलं होतं, त्यामुळे समोरून वाहन आलं की दोघांनाही थांबावं लागतं. दुचाकीवरून जाणाऱ्यांनी या दिवसांत वेग आवरावा. सोयाबीनच्या दाण्यावरून चाक सरकतं. ऊन असं की खिडकीची कड हाताला चटका देत होती. वारा अजिबात नाही. मला हीच काळजी होती. ऊन, संथ पाणी आणि शेतांतून वाहून आलेलं खत, एवढं मिळालं की हे शेवाळ फोफावतं.

लोहाऱ्यात स्टँडजवळ सुशीला खाल्ली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. पोट भरतं आणि खिसा रिकामा होत नाही. शेजारच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातून थर्मोकोलच्या डब्यात बर्फ भरून घेतला. मुक्काम करायचा असेल तर लोहारा किंवा उमरगा बरं, पुढं गावात लॉज नाही. सास्तूरची जीप मात्र भरल्याशिवाय हलत नाही, आणि 'भरली' म्हणजे काय हे ड्रायव्हरच ठरवतो.

आक्काचं गाव सास्तूरच्या पुढं. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं, त्यामुळे गल्ल्या फूटपट्टीनं आखल्यासारख्या आणि घरं एका साच्याची. तळं मात्र जुन्या गावाच्या अंगाला. पिण्याचं पाणी बोअरचं आहे, तळ्याचं नाही, हे मी पहिल्यांदा विचारून घेतलं आणि अर्धा श्वास सोडला. उरलेला अर्धा मेंढरांसाठी होता. दाजींचा सगळा संसार त्या कळपावर चालतो.

दाजी दारातच बसले होते. डोक्याला पटका, हातात काठी, चेहऱ्यावर राग.

"या मेव्हणं. शपथा घालायला लागला आता?"

"दाजी, पाणी बघू द्या. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

"शिव्या कशाला? म्या काय म्हनतो, लोकर धुतल्याबिगर कातरली तर कोन घेतंय ती? तेलकट, मातकट. आन ती कातरनारी मान्सं एकदा दुसऱ्या वाड्यावर गेली की मग हाती लागत न्हाईत."

"दुसरं पाणी नाही का?"

"हाय की. वढ्यावरचा बंधारा. पर तिकडं जायचं म्हंजे दोन्ही अंगाला लोकाची तूर. यवढा कळप त्यातनं न्यायचा आन वाटंनं कुनाचा शेंडा खाल्ला तर माझं डोस्कं फुटंल."

संध्याकाळच्या आत आम्ही तळ्यावर गेलो. एरवी वारा जिकडं वाहतो त्या काठाला हिरवी साय जमली होती. जाड, चकचकीत, कडेला वाळून निळसर झालेली. वास ओल्या गवतासारखा आणि थोडा कुजका. काठी बुडवून वर काढली. साधं शेवाळ असतं तर केसांसारखं लोंबलं असतं. इथं काठीला ऑइलपेंट लागल्यासारखा थर चढला. नेमका हाच काठ उतरता आणि खडकाळ, म्हणून मेंढरं इथंच पाण्यात उतरतात.

हातमोजे घालून साय होती तिथला एक नमुना घेतला आणि मोकळ्या पाण्यातला एक. दोन्हीवर ठिकाण लिहिलं आणि बर्फात ठेवले. तिसरी बाटली तशीच भरून आक्काच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रात्रभर ठेवायची होती.

काठावर गावचे उपसरपंच भेटले. म्हणाले, "कशाला यवढा कुटाना? मोरचूद टाकू चार पोती. सकाळच्याला पानी आरशावानी हुतंय बघा."

"तेच करू नका," मी म्हणालो. "विष या शेवाळाच्या पेशीच्या आत असतं. मोरचुदानं पेशी फुटतील, शेवाळ मरेल, पाणी स्वच्छ दिसेल आणि सगळं विष त्या स्वच्छ पाण्यात उतरेल. आत्ता दिसतंय म्हणून जनावर तरी अडवता येतं."

"मग उकळून?"

"उकळूनही जात नाही."

ते दाजींकडं बघून म्हणाले, "तुमचं मेव्हणं लई भ्या दावत्यात." पण मोरचुदाचा विषय तिथंच थांबला, हेही खरं.

रात्री येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी. आक्काच्या हातची येसर आमटी खाण्यासाठी तरी माणसानं लोहाऱ्यापर्यंत यावं. जेवताना दाजींची सून शोभा भेटली. ती गावची आशाताई. दिवसभर घरोघर फिरते, गोळ्या देते, तपासण्या करते. माझी पेटी तिनं उघडायला लावली, सगळं हाताळून बघितलं आणि पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "मामा, ही तर आमच्या किटसारखीच दिसतीय."

"तसंच तंत्र आहे," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य बोलायला हवं होतं.

सकाळी खिडकीतली बाटली बघितली. वरच्या पाण्यावर, काचेला लागून, हिरवंगार कडं. तळाशी जवळजवळ काही नाही. साधं शेवाळ बहुधा खाली बसतं. हे वर येतं, कारण याच्या पेशींत हवेच्या पिशव्या असतात. थेंब काचपट्टीवर घेऊन भिंगाखाली धरला. चिकट जेलीत अडकलेले बारीक गोल पेशींचे वेडेवाकडे ढग, प्रत्येक पेशीत काळसर ठिपका. ओळख पटली. पण जात ओळखली म्हणजे विष सापडलं असं नाही. हेच शेवाळ कधी विषारी असतं, कधी नसतं. म्हणून पट्टी.

नमुना आधी पेशी फोडणाऱ्या औषधाच्या कुपीत घालावा लागतो. घाईत ही पायरी गाळली तर विष पेशीतच राहतं आणि पट्टी खोटं बोलते. सगळं नियमानं केलं, पट्टी कुपीत उभी केली आणि अंगणात आलो, कारण संशोधक बाईंचा फोन आला होता आणि घरात रेंज नव्हती. त्या नमुना कसा पाठवायचा ते सांगत होत्या. मी बर्फाबद्दल विचारत होतो. बोलता बोलता गल्लीच्या टोकापर्यंत गेलो.

परत आलो तर पट्टी कुपीतून काढून ताटलीत ठेवलेली. वरची एक रेघ ठळक. खाली दुसरी रेघ यायची तिथं कोरा पांढरा कागद.

"आक्के, दाजी कुठायत?"

"गेले की. मेंढरं घेऊन."

"कुठं?"

"तळ्याला. शोभानं बघितलं की पट्टी. म्हनली, एकच रेघ हाय, निगेटिव. पानी चांगलं हाय."

काय झालं ते त्या क्षणी लख्ख दिसलं. गरोदरपणाच्या किटवर दोन रेघा म्हणजे आहे, एक म्हणजे नाही. शोभानं आयुष्यात हेच वाचलं होतं, आणि तिच्या कामात ती चुकत नाही. ही पट्टी उलटी चालते. तिच्यावर विषाला धरणारे रंगीत कण आधीच असतात. पाण्यात विष असलं की ते कण विषातच गुंततात आणि दुसरी रेघ उमटत नाही. एक रेघ म्हणजे विष आहे. दोन म्हणजे पट्टीला सापडण्याइतकं नाही.

भाच्याची मोटारसायकल दारात होती. किल्ली लावलेलीच. मी चष्म्याच्या दुकानात बसणारा माणूस. अशी गाडी मी त्याआधी चालवली नव्हती, त्यानंतरही नाही. जुन्या गावच्या वाटेवर दगड पसरलेले आहेत, वाचकांनी तिथं सावकाश जावं.

कळप उतारावर पोचला होता. पुढं घंटा बांधलेला मोठा एडका, मागं पांढऱ्या-काळ्या पाठी आणि वर धूळ. कमरेपर्यंत धोतर खोचलेले दोघं पाण्याकडं निघालेले. शोभाही काठावर उभी. एडक्याच्या तोंडापासून हिरवी साय हाकेच्या अंतरावर.

"दाजी! वळवा! विष आहे!"

दाजींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जीभ टाळ्याला लावून त्यांनी एक लांब, चिरका आवाज काढला आणि काठी आडवी धरून एडक्याच्या पुढं उडी मारली. एडका बिचकला, वळला. त्याच्या मागं सगळा कळप एका अंगानं वळला, जसं ताटलीतलं पाणी कलतं. दोन-तीन तहानलेल्या मेंढ्या तरीही पुढं धावल्या. त्यांना शोभानं पदर खोचून शिंगं धरून ओढलं.

कळप बांधावर पुन्हा उभा राहिला तेव्हाच दाजींनी विचारलं, "काय झालं?"

मी सांगितलं. शोभाचा चेहरा पडला. "मामा, माझ्या हातनं एवढ्या किट झाल्या. एक रेघ म्हंजे न्हाईच की."

"तुझं बरोबर आहे. तुझ्या किटवर. ही उलटी वाचायची असते, आणि ते मी काल रात्रीच सांगायला हवं होतं."

"आसली कसली किट? उलटी!" दाजी म्हणाले. "ज्यानं काढली त्यालाच उलटा टांगा." मग एकेक मेंढरू हातानं चाचपत ते कळपातून फिरले. तोंडं बघितली, ओठ उघडून दात बघितले. कुणाच्या तोंडाला हिरवं लागलेलं नव्हतं. बांधावर बसले, पटका काढला, तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

"चला," उठत म्हणाले. "वढा."

तुरीचा प्रश्न शोभानं सोडवला. तिच्या ओळखीशिवाय त्या शिवारात घर नाही. ज्यांची तूर वाटेवर होती त्यांना तिनं फोन लावले, आणि प्रत्येक बांधावर एकेक जण काठी घेऊन उभा राहिला. एक म्हातारी तर कळपाला हात जोडून म्हणाली, "जावा बायांनो, माझा एक शेंडा बी खाऊ नका." त्यांनी खाल्ले. दोन-चार. म्हातारीनं दाजींना शिव्या दिल्या, दाजींनी मान खाली घालून त्या घेतल्या आणि कळप पुढं गेला.

बंधाऱ्यावरून पाणी पातळ थरानं वाहत होतं. तळाचे दगड दिसत होते. तरीही, आक्कानं घरून मागाहून आणलेल्या माझ्या पेटीतून दुसरी पट्टी काढली. दिसायला स्वच्छ, एवढ्यावर मी कुणाची मेंढरं पाण्यात घालत नाही. यावेळी सगळ्यांना भोवती बसवलं, काय बघायचं ते आधी सांगितलं आणि शोभाच्या हातात कुपी दिली. पहिली रेघ आली. दाजी मान वाकवून बघत होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग खाली, आधी पुसट गुलाबी आणि मग गडद, दुसरी.

"दोन!" शोभा ओरडली. "मामा, दोन रेघा!"

"आयला," दाजी म्हणाले, "मग पेढं काढा की! कुनाचा पाय जड हाय?"

हसण्यात सगळा सकाळचा ताण निघून गेला. शोभा तर हसता हसता रडायला लागली, आणि आक्का तिच्या पाठीवर थापट्या मारत बसली.

मेंढरं कशी धुतात ते ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी दिवाळीच्या मागंपुढं या भागात जरूर यावं. माणसं कमरेएवढ्या पाण्यात ओळीनं उभी राहतात. पहिला माणूस मेंढरू धरून ढकलतो, दुसरा लोकर चोळतो, तिसरा खांद्याखाली हात घालून पुढं देतो. मेंढरू पलीकडं चढतं आणि अंग झाडतं, की काठावरचे सगळे भिजतात. मीही भिजलो. पेटी मात्र मी झाडाखाली लांब ठेवली होती.

संध्याकाळी निघालो. तळ्याचे आणि बंधाऱ्याचा, सगळे नमुने बर्फात लातूरला आणले आणि तिथून कुरिअरनं पाठवले. तळ्याच्या उतारावर शोभानं काटेरी फांद्या आडव्या घालून घेतल्या आणि भोंग्यावरून स्वतः सांगितलं: गुरं नाही, कुत्री नाही, कपडे नाही.

घरी आल्यावर गुरुजींचा चष्मा पुरा केला. थोड्या दिवसांनी प्रयोगशाळेचा निकाल आला. तळ्यात विष होतं, बंधाऱ्यात सापडलं नाही. बाईंनी लिहिलं होतं की पट्टी एकाच जातीचं विष ओळखते, त्यांनी इतर विषंही बघितली आणि ती नव्हती. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मी बरोबर होतो याचा आनंद झाला, तो लपवत नाही. पण या सहलीतलं माझ्याजवळ राहिलं ते वेगळं आहे. विष शोधणं अर्धं काम. उत्तर कुणाच्या हातात जाणार, ते कोणत्या सवयीनं वाचणार, हे बघणं उरलेलं अर्धं. आता मी पट्टी फोडायच्या आधी एका कागदावर दोन चित्रं काढतो आणि भोवतीच्या माणसांकडून त्यांचा अर्थ वदवून घेतो. तुम्हीही तसंच करा. बाकी सगळं पुस्तकात मिळतं.

निकाल आला त्याच दिवशी दाजींचा फोन आला. मागं असा कल्लोळ की काही ऐकू येईना.

"दाजी, काय झालं? एवढी ओरडतायत का?"

"कातरली की आज सगळी! कोकरांना आया वळखू येईनात. उघडी आय बघून पळत्यात. आया वरडत्यात, ही लांब पळत्यात. नुसता बाजार झालाय."

"सगळी बरी आहेत ना?"

"ऐका की तुमीच," दाजी म्हणाले आणि त्यांनी फोन कळपाकडं धरला.

दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी त्याला हातानं थांब म्हणून खूण केली आणि ऐकत राहिलो.